मामांची पंच्याहत्तरी आणि ‘कृपया आहेर आणू नयेत’ : मदत हवी आहे

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या सख्ख्या मामांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. सकाळी घरी ऐंद्री शांत (पंच्याहत्तरीनिमित्त करायचा धार्मिक विधी) आणि संध्याकाळी सोलापुरातल्या ‘सात रस्ता’ चौकाजवळच्या एका कार्यालयात सत्कार व जेवण असा बेत आहे. पत्रिका पुण्याच्या मामेभावाने छापली असून तिच्या तळाशी ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ अशी ओळ आहे. ही ओळ कितपत शब्दशः घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

शंका उगीच आलेली नाही. गेल्या वर्षी एका परिचितांच्या साठीशांतीला अशीच ओळ वाचून आम्ही दोघे रिकाम्या हातांनी गेलो, तर दारातच टेबल मांडून आणि वही उघडून एक गृहस्थ बसलेले. ह्यांनी ओळखीच्या एकाकडून रुपयाचे नाणे चिकटवलेले कोरे पाकीट मागून घेतले, जिन्यात उभे राहून त्यात पाचशेची नोट घातली आणि पेन न मिळाल्यामुळे नाव न लिहिताच ते देऊन टाकले. वहीत आमची नोंद झाली की नाही, हे आजतागायत कळलेले नाही.

मामांच्या बाबतीत मात्र प्रश्न पाकिटाचा नाही. 1996 साली माझे लग्न झाले, तेव्हाची आहेराची वही आईने जपून ठेवली होती आणि ती आता माझ्याकडे आहे. तीत मामा-मामींच्या नावापुढे ‘साडी, पाच पातेल्यांचा संच, रु. 501’ असे लिहिलेले असून खाली वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात, ‘शिवाय कार्यालयाची बाकी. परत द्यायची नाही म्हणाले’ अशी ओळ आहे. त्या वर्षी वडिलांचा हात अडचणीत होता एवढेच मला ठाऊक होते. बाकी कोणी भागवली हे मला ती वही हाती येईपर्यंत माहीत नव्हते. हे कधीतरी, कोणत्यातरी रूपाने पोचते करावे, असे तेव्हापासून मनात आहे.

आता अडचणी सांगते. मामांनी उभे आयुष्य अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जेकार्डवर चादरी विणण्यात घालवले, त्यामुळे गावातले सगळे जण परगावी जाताना डोळे झाकून जे नेतात तेच नेमके इथे चालत नाही. एकदा कोणी दिलेल्या चादरीचा कोपरा त्यांनी उलटून पाहिला, दोन्ही बाजूंची नक्षी बोटाने चाचपली आणि देणाऱ्यासमोरच ‘माल हलका आहे’ असे सांगून टाकले. माझ्या दोन मावसबहिणी वर्गणी काढून सोन्याची अंगठी करावी म्हणतात. पण घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी भरून केलेली वस्तू ते दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला स्वतःला त्यांची ज्वारीने तुला करावी आणि ते धान्य त्यांच्या नावाने अक्कलकोटच्या अन्नछत्राला द्यावे असे वाटते, परंतु चारचौघांत तराजूत बसणे त्यांना आवडेल का, आणि मुलगा असताना भाचीने हा पुढाकार घेणे शोभेल का, हे ठरवता येत नाही.

आणखी एक गाठ आहे. ‘लेकीबाळींकडून घ्यायचे नसते’ हे मामांचे पालुपद असल्यामुळे मी काहीही नेले तरी निघताना त्याच्या दुप्पट परतीचा आहेर माझ्या पिशवीत पडतो. असे असताना काय, केव्हा आणि कोणाच्या हाती द्यावे?

प्रतिसाद : पत्रिकेतली ओळ मुलाने लिहिली असली तरी ती यजमानांचीच समजावी आणि कार्यालयात काहीही नेऊ नये, कारण व्यासपीठावर एकाने पिशवी पुढे केली की रिकाम्या हातांनी आलेले पन्नास जण अवघडतात. आहेर सकाळी शांतीच्या वेळी घरी करावा. तिथे मामींची खणानारळाने ओटी भरून इरकल द्यावी आणि मामांना उपरणे द्यावे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. तुलेचे मात्र आधी मामेभावाच्या कानावर घाला. त्याला न विचारता केलेत तर कौतुक तुमचे होईल आणि पुढची दहा वर्षे तो तुमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलेल. राहता राहिले जुन्या बाकीचे. ‘परत द्यायची नाही’ असे जे सांगून दिले, ते पैशांनी परत करणे म्हणजे त्यांचा शब्द मोडणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्ती : शेवटचे वाक्य वाचून दोन दिवस गप्प बसले आणि मग मामींना फोन केला. तुलेचे नाव काढताच त्या हसल्या आणि ‘त्यांना तराजूत बसवायला आधी तूच ये’ म्हणाल्या, तेव्हा तो विषय संपला. ज्वारी मामेभाऊ आणि मी मिळून, न मिरवता, अक्कलकोटला पोचवणार आहोत. साडी घेईन, पण परतीचा आहेर देणारच, हेही त्यांनी बजावले. मात्र पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण करायचे आहे आणि तेवढे कणकेचे दिवे करायला घरात आता कोणाचे हात चालत नाहीत, ते काम त्यांनी आपणहून माझ्याकडे दिले. शांत सकाळी सातला सुरू होणार असल्यामुळे एवढे दिवे पहाटे उठून होणे कठीण दिसते. आदल्या रात्री वळून, उकडून ठेवले तर सकाळपर्यंत त्यांना चिरा पडतात का, आणि पडत असतील तर ओल्या फडक्याखाली झाकून भागते का, हे कोणी केले असल्यास कृपया सांगावे.