मदत हवी आहे : 'पुश बॅक' म्हणजे मीटिंग अलीकडे की पलीकडे?

मंडळी, इंग्रजीत जरा अडलंय. कालचा घोळ आधी सांगतो.

इंग्लंडमधल्या क्लायंटबरोबर दुपारी साडेतीनला कॉल होता. जेवायला बसलो तेवढ्यात मेल, 'वुई हॅव पुश्ड द कॉल बॅक बाय अ‍ॅन अवर.' बॅक म्हणजे मागे, मागे म्हणजे आधी, असा हिशोब करून जेवण अर्धवट टाकलं आणि अडीचला हजर. स्क्रीनवर मी एकटाच, स्वतःचंच थोबाड बघत. साडेतीनपर्यंत कळ काढली, मग रद्द झाला असेल म्हणून खाली चहाला गेलो आणि जाताजाता बँकेचं कामही उरकलं. कॉल साडेचारला झाला, माझ्याशिवाय. साहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आपण परीक्षा 'पुढे ढकलतो' तेव्हा ती उशिरा होते. हे लोक मागे ढकलतात, तरी उशिराच? बरं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ 'बॅक' करतात तेव्हा दोनाचा एक वाजतो, म्हणजे आधीची वेळ. मग या बॅकला काही नियम आहे का? आणि 'मूव्ह फॉरवर्ड' म्हटलं तर काय समजायचं? त्यातून गेल्या आठवड्यात त्याच क्लायंटने 'आय वुड पुश बॅक ऑन दॅट' लिहिलं होतं. तिथे तर वेळेचा विषयच नव्हता. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

घड्याळ सोडा, तिथे खरोखरच काटे मागे जातात. मीटिंगसाठी रेशनची रांग डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला कुणी मागे ढकललं की नंबर उशिरा लागणार. म्हणून पुश बॅक, पुट बॅक म्हणजे आपलं पुढे ढकलणं. ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे अलीकडे घेणं, आपल्याकडचं प्रीपोन. पण प्रीपोन भारताबाहेर अनेकांना कळत नाही, तिकडच्या मेलमध्ये नको.

'मूव्ह फॉरवर्ड'वर मात्र खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' झाली म्हटलं की कुणी सोमवार धरतो, कुणी शुक्रवार. मानसशास्त्रवाल्यांनी यावर प्रयोग केलेत. मी तर सरळ नवी वेळ विचारून घेतो, त्यांची आणि आपली दोन्ही.

आणि 'पुश बॅक ऑन' म्हणजे हरकत घेणं. क्लायंटला तुमचं म्हणणं पटलेलं नव्हतं.

धागाकर्ता

अरे देवा. मी त्या मेलला 'ग्रेट, थँक्यू' असं उत्तर पाठवलंय.