संग्रहालयाच्या छोट्या प्रेक्षागृहासाठी नवा प्रोजेक्टर घ्यावा का?

प्रश्न – किनारपट्टी

नमस्कार मंडळी. कोकणातील आमच्या वस्तुसंग्रहालयात ६० आसनांचे प्रेक्षागृह असून तेथे दिवसभर ठरावीक वेळांना कातळशिल्पांवरचा माहितीपट दाखवला जातो. पडदा ४ मीटर रुंद आहे. छताला टांगलेला प्रोजेक्टर लॅम्पचा, तीन एलसीडी पॅनेलचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून चित्र पिवळसर दिसू लागले आणि लॅम्प बदलूनही फरक पडला नाही. कॅमेरा कातळावरून आडवा सरकतो तेव्हा चित्र हिसके खात पुढे जाते. वीज जाऊन परत आली की पुष्कळदा पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढेच येते. सर्वांत जास्त तक्रार मात्र आवाजाची आहे, कारण मागच्या रांगांतील शाळकरी मुलांना निवेदन समजत नाही. पुरवठादाराच्या मते ८,००० ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाच्या प्रमाणाचे माप) लेझर प्रोजेक्टर घेतल्यास सगळे प्रश्न सुटतील. विश्वस्तांपुढे हा प्रस्ताव ठेवण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर – प्रकाशवाट

आपण सांगितलेल्या चार तक्रारींची कारणे चार वेगळी आहेत आणि त्यांपैकी नव्या प्रोजेक्टरने सुटण्याजोगी फार तर एक आहे, म्हणून प्रस्ताव तूर्त थांबवावा असे मी आग्रहाने सुचवतो.

लॅम्प बदलूनही पिवळेपणा राहिला, याचा अर्थ दोष बहुधा निळ्या प्रकाशाच्या मार्गातील पोलरायझर (ठरावीक दिशेत कंप पावणाराच प्रकाश पुढे सोडणारी पट्टी) किंवा पॅनेलमध्ये आहे. उष्णता आणि अतिनील किरणांमुळे तीन पॅनेलच्या यंत्रात हाच भाग सहसा आधी खराब होतो, आणि जाळीत धूळ साचून हवा खेळेनाशी झाली की ही झीज आणखी लवकर होते. खात्री करण्यासाठी दारे बंद करून आधी पूर्ण पांढरे आणि मग पूर्ण निळे चित्र पडद्यावर लावा. निळ्या चित्रात गढूळ डाग किंवा फिकट पट्टे दिसले तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या, कारण तो पुष्कळदा नव्या यंत्राच्या जवळपास जातो.

हिसक्यांचा मात्र प्रोजेक्टरशी संबंध नसावा. आपल्याकडचे माहितीपट बहुधा सेकंदाला २५ चौकटी या गतीने तयार होतात आणि माहितीपट चालवणारा प्लेअर कारखान्यातून ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, लावून येतो. ६० ला २५ ने निःशेष भाग जात नसल्याने काही चौकटी पडद्यावर दोनदा, तर काही तीनदा दिसतात आणि नजरेला ते आडव्या सरकत्या दृश्यातच खटकते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये १०८०पी, ५० हर्ट्झ निवडा. यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

'सिग्नल नाही' हा चालू होण्याच्या क्रमाचा प्रश्न दिसतो. वीज आल्यावर प्लेअर चटकन सुरू होतो, समोर कोणता पडदा आहे याची विचारणा करतो आणि प्रोजेक्टर अजून जागा झालेला नसल्याने उत्तर न मिळून गप्प बसतो. प्लेअर दीड-दोन मिनिटे उशिरा सुरू होईल अशी सोय करा किंवा मध्ये ईडीआयडी एम्युलेटर नावाचे, प्रोजेक्टरच्या वतीने प्लेअरला उत्तर देणारे छोटे उपकरण बसवा. प्रोजेक्टरलाही यूपीएस द्या. खेळ पुढे चालू राहावा एवढ्यासाठी तो नसून, वीज गेल्यावर पंखा चालू राहून तापलेला लॅम्प रीतसर थंड व्हावा यासाठी तो लागतो.

आता ८,००० ल्युमेनविषयी. १६:९ प्रमाणात आपला पडदा ९ चौरस मीटरचा होतो. चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्यावर प्रति चौरस मीटर ४८ कँडेला (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) इतकी तेजस्विता प्रमाण मानतात. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी ४८ × ३.१४ (पाय) × ९ म्हणजे सुमारे १,३६० ल्युमेन पुरतात. मार्गिकेतील दिव्यांमुळे आणि पुढे होणाऱ्या घटीमुळे तिप्पट धरले, तरी ४,००० च्या आसपासच थांबावे लागते. उरलेले पैसे आवाजावर खर्च करा.

उत्तर – नादवेध

आवाजाबद्दल एक गोष्ट सर्वांत आधी तपासा. माहितीपटाची फाइल ५.१ ध्वनीची, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर यांसाठी वेगवेगळे चॅनेल असलेली, आहे का? तशा मिश्रणात निवेदन मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असते. प्लेअर किंवा अॅम्प्लिफायर फक्त डावा आणि उजवा चॅनेल उचलत असेल, तर संगीत आणि समुद्राची गाज व्यवस्थित ऐकू येते, पण निवेदकाचा आवाज दूरवरून आल्यासारखा लागतो. अशा वेळी कर्मचारी आवाज वाढवत जातात, पुढच्या रांगेतील मुले कानावर हात ठेवतात आणि मागच्यांना तरीही शब्द कळत नाहीत. ज्यांनी माहितीपट तयार केला त्यांच्याकडून स्टीरिओ मिश्रण मागून घ्या आणि त्यात संगीताची पातळी निवेदनाच्या बरीच खाली ठेवायला सांगा.

ते करूनही त्रास राहिला तर कारण खोलीत आहे. एवढ्या सभागृहात बोलणे स्पष्ट कळण्यासाठी आवाज घुमण्याचा काळ ०.६ ते ०.८ सेकंदांच्या आत असावा. उघड्या प्लास्टरच्या भिंती आणि फरशी असल्यास तो सहज दुपटीवर जातो. मागच्या भिंतीवर ध्वनिशोषक पॅनेल किंवा चुण्यांचा जाड पडदा लावा. मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर बसवल्यास त्यांना विलंब द्यायला विसरू नका. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरला २९ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा विलंब न दिल्यास शब्द एकमेकांवर चढतात. कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांसाठी मराठी उपशीर्षके कायम चालू ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर – दालनपाल

वरील दोघांशी सहमत आहे, तरी प्रोजेक्टरचे पॅनेल खरोखरच गेले असेल तर लेझरच घ्यावा. त्याचे आयुष्य, म्हणजे तेज निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, साधारण २०,००० तास सांगितला जातो; वर्षाला सव्वादोन हजार तास चालवल्यास तो जवळपास नऊ वर्षे पुरेल. मात्र लेझर आहे म्हणून कोकणातील दमट हवा माफ करत नाही. पावसाळ्यात प्रेक्षागृह बंद राहिले तर लेन्सवर बुरशी धरते, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांतही यंत्र काही वेळ चालवावे आणि जाळी महिन्यातून एकदा तरी साफ करावी. जुन्या लॅम्पमध्ये पारा असतो. ते कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यावेत.

किनारपट्टी

आपणा सर्वांचा आभारी आहे. प्लेअर ५० हर्ट्झवर लावताच हिसके थांबले. फाइल ५.१ चीच निघाली आणि स्टीरिओ मिश्रण मागवले आहे. निळ्या चित्रात उजव्या कोपऱ्यात मोठा डाग दिसतो, तेव्हा पॅनेल गेले हे नक्की. विश्वस्तांपुढे आता ४,००० ल्युमेनचा लेझर, यूपीएस आणि मागच्या भिंतीची ध्वनिशोषक पॅनेल असा एकत्रित प्रस्ताव ठेवत आहे. नादवेधजी, समुद्राकडच्या दमट हवेत खनिज लोकरीची पॅनेल टिकतात की पॉलिएस्टरची घ्यावीत?

नादवेध

पॉलिएस्टरची घ्या आणि ती भिंतीला थेट न चिकटवता मागे दोन बोटे पोकळी ठेवून बसवा. ओल धरत नाही, शिवाय खालच्या पट्टीतील आवाजही अधिक शोषला जातो.