जामीन राहिलेल्या लोनमुळे सिबिलमध्ये 'रिटन ऑफ' दिसतंय, सेटलमेंट करू की पूर्ण भरू?

मिरजेची_सून:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या ह्यांनी २०१८ ला चुलत दिरांच्या पिकअपच्या लोनला जामीनदार म्हणून सही केली होती. लॉकडाऊनमध्ये भाऊजींचा धंदा बसला, हप्ते थांबले, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली आणि विकली पण, आम्हाला वाटलं विषय संपला. आता सांगलीत फ्लॅटला टोकन दिलंय आणि बँकेने होम लोन नाकारलं. सिबिल रिपोर्ट (कर्जफेडीचा इतिहास) काढला तर ह्यांच्या नावावर तेच लोन, पुढे गॅरंटर म्हणजे जामीनदार, स्टेटस रिटन ऑफ आणि ओव्हरड्यू म्हणजे थकबाकी १ लाख ८६ हजार. ह्यांचा स्वतःचा एक हप्ता कधी चुकला नाही हो! रिकव्हरीवाला म्हणतो ७० हजार द्या, सेटल करतो. रिटन ऑफ म्हणजे त्यांनी सोडून दिलं ना, मग पैसे कसले? आणि ७ वर्षांनी नाव आपोआप निघतं म्हणतात, तर थांबावं का?

कर्जविभागातला_काका:
ताई, रिटन ऑफ म्हणजे माफ नाही. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, पुढे वसुलीची आशा कमी झाली की कंपनी ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढते, तो त्यांच्या हिशोबाचा भाग झाला, तुमच्याकडचं येणं तसंच राहतं. आणि जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणून ते खातं मिस्टरांच्या फाइलवर पण येतं. रिपोर्टमध्ये डीपीडी नावाचे महिन्यामहिन्याचे रकाने असतील बघा, ३६ महिन्यांपर्यंतचे, ०३०, ०६० म्हणजे तेवढे दिवस हप्ता लेट.

पहिलं काम, कंपनीकडे लेखी हिशोब मागा. गाडी जप्त केली तेव्हा बाकी किती होती, कितीला विकली, ते पैसे खात्यात कधी जमा धरले, व्याज-दंड किती लावला. हा कागद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, कळकळीने सांगतोय. गाडीचे पैसे नीट वळते केलेत का हे जामीनदार लोक विचारतच नाहीत.

७ वर्षांचं म्हणाल तर कायद्यात ती मुदत माहिती किमान तेवढी वर्षं जपून ठेवायची म्हणून आहे, पुसायची म्हणून नाही. कंपनी दर वेळी थकबाकी कळवतच राहिली तर नोंद ताजीच राहणार.

कोथरूडकर_७९:
सेटलमेंटबद्दल माझ्या बहिणीचा अनुभव सांगतो. तिने क्रेडिट कार्डाचं निम्म्यात मिटवलं, पत्र पण मिळालं, आनंदात होती, दोन वर्षांनी होम लोनला गेली तर फाइलवर 'सेटल्ड'. बँक म्हणाली उरलेले भरा आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र आणा. शेवटी सगळे भरावेच लागले. सेटल्ड म्हणजे या माणसाने पूर्ण दिले नाहीत असंच पुढची बँक वाचते. तुमचं आधीच रिटन ऑफ आहे म्हणजे ७० हजारांत मिटवलं तर 'पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड' असं काहीतरी येईल. होम लोन घ्यायचंच आहे तर पूर्ण भरा असं माझं स्पष्ट मत, आणि पैसे कंपनीच्या लोन खात्यातच, रिकव्हरीवाल्याच्या यूपीआयवर अजिबात नको.

मिरजेची_सून:
काका, दादा, खूप आभार. हिशोब उद्याच मागते. पण आम्ही भरले तर भाऊजींकडून परत मागता येतात का? आणि भरल्यावर रिपोर्ट लगेच सुधारतो का, एक एजंट १२ हजारात सिबिल क्लीन करून देतो म्हणतोय.

कर्जविभागातला_काका:
मागता येतात. त्याच कायद्याची कलमं १४० आणि १४५, जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क आहे. घरातलं माणूस आहे, बोलून मिटलं तर उत्तमच, पण पावत्या मिस्टरांच्या नावाने घ्या आणि जपा.

शेंदूरजना_एक्सप्रेस:
एजंटला १२ रुपये पण देऊ नका ताई. खरी असलेली नोंद कुणीच पुसू शकत नाही आणि चुकीची असेल तर तक्रार फुकट होते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फ्री मिळतो, चारही काढा कारण एकीकडे सुधारलं तरी दुसरीकडे जुनंच राहिलेलं असतं. १ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांनी या कंपन्यांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची आहे, त्यामुळे भरल्यावर महिनाभर वाट बघा, तोवर ओव्हरड्यू शून्य झालं नाही तर नो ड्यूज जोडून फायनान्स कंपनी आणि सिबिल दोघांकडे लेखी तक्रार टाका आणि तक्रार नंबर जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आरबीआयचा नियम आहे, एप्रिल २०२४ पासून लागू. तरी दाद नाही लागली तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, त्याला पण फी नाही.

फक्त एक, जुन्या महिन्यांचे लेट दिवस भरल्यावर पण दिसतातच, स्कोअर हळूहळू चढतो. फ्लॅटवाल्याकडून मुदत आत्ताच लेखी वाढवून घ्या, टोकन अडकायला नको.