शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मुलांचं मन: सुरुवात कुठून?

प्रश्न: आमच्या शाळासमूहात यंदा मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करायचं ठरलंय. शिक्षकांसाठी दिवसभराची कार्यशाळा ठेवतेय. तेवढ्याने भागेल का?

शालेय समुपदेशक: ताई, नाही भागणार. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 10 ते 19 वयोगटात साधारण सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो, म्हणजे जवळपास प्रत्येक वर्गात कुणीतरी आहेच. शिक्षकाने निदान करायचं नसतं, बदल टिपायचा असतो. कायम पुढच्या बाकावर बसणारी मुलगी मागे सरकते, वही कोरी ठेवते. तिला एकटीला गाठून विचारा, "हल्ली गप्प गप्प असतेस, काय झालं?" मग नुसतं ऐका. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र कधीच देऊ नका. जिवाला धोका दिसला तर त्याच दिवशी सांगावंच लागतं.

निवृत्त मुख्याध्यापक: शिक्षक-प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक जॉइस आणि शॉवर्स यांनी 1980च्या दशकातच मांडलंय: नुसतं व्याख्यान वर्गात उतरत नाही, नंतर सहकाऱ्याची सोबत लागते. वेळापत्रकातच त्यासाठी तास राखा. शाळा सुटल्यावर ठेवलात तर कुणी थांबणार नाही.

प्रश्नकर्ती: तास काढते, सर. पण शिक्षकच थकलेत, त्यांचं काय?

शालेय समुपदेशक: त्यांनाही मन मोकळं करायला माणूस द्या. फक्त तो त्यांचा वरिष्ठ नको.