नट निघाला, पण बोल्ट निघून नाही राहिला

वावरवाला (यवतमाळ जिल्हा)
पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढं मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब). डाव्या बाजूच्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) पुढचा बुश, म्हणजे रबरी सांधा, फाटला. नवा आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट आणून ठेवला आहे, घरीच बसवायचा आहे. अडचण दोन ठिकाणी आहे.

आर्मच्या पुढच्या बुशचा नट निघाला. बोल्टचं डोकं पान्यानं थोडं फिरते, पाना सोडला की परत मागं येते. बाहेर मात्र सूतभरही सरकत नाही. दुसरं, स्ट्रट आणि नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन नट हलायलाच तयार नाहीत, खालच्याचे कोपरे घासायला लागले.

अर्ध्या इंची गोटी (सॉकेट) सेट, तीन फुटी जीआय पाइप, चार पौंडी हातोडा, हॅकसॉ आणि चार इंची ग्राइंडर आहे. लाइनचा दिवसा भरवसा नाही. गॅस कटर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं आहे. आता पाइप लावून जोर करू का?

गोटीपाना
थांबा राजेहो, पाइप बाजूला ठेवा. नुसता आर्म बदलायचा असेल तर स्ट्रटचे नट खोलायचं कामच नाही. बॉल जॉइंटचा नकलमधला आडवा बोल्ट आणि आर्मचे आतले बोल्ट, एवढ्यानंच आर्म खाली येते. स्ट्रटचे नट उगाच ढिले केले तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलते.

आता तो मागं येणारा बोल्ट. बुशच्या मधोमध लोखंडी स्लीव्ह असते, तिच्यातून बोल्टची गुळगुळीत दांडी जाते. दांडी आणि स्लीव्ह गंजानं एक झाल्या आहेत. तुम्ही डोकं फिरवता तेव्हा रबर पिळल्या जाते, सोडलं की तेच रबर बोल्टला मागं आणते. आट्यांचा इथं संबंधच नाही, म्हणून नटाकडून कितीही तेल मारा, उपयोग शून्य. स्लीव्हची दोन्ही तोंडं ब्रॅकेटच्या कानांना घट्ट टेकलेली असतात, तेल आत जाईल कुठून? आपल्याकडं काळ्या मातीचा चिखल त्या ब्रॅकेटमध्ये भरून राहते, वरून वाळला तरी आत ओल धरून ठेवते. म्हणून पहिले तो खरवडून काढा, तारेचा ब्रश मारा.

मग नट उलटा करून परत चढवा, बोल्टच्या टोकाशी बरोबरीत येईल इतकाच. त्यावर पितळी तुकडा धरून हातोड्याचे सरळ, जड ठोके. मध्येमध्ये डोक्याकडून पान्यानं दोन्हीकडं हेलकावे द्या. टायरवाल्याकडची एअर गन मिळाली तर उत्तमच, तिच्या कंपनानं गंज लवकर फुटते. ठोक्यांनी बोल्ट जरासाही सरकत नसेल तर थांबा, नाहीतर ब्रॅकेटचा कान वाकते आणि तो सबफ्रेमचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, भाग आहे.

मग कापणं. आर्म तसाही भंगारात जाणार आहे, जीव लावू नका. रबर संपते आणि ब्रॅकेटचा कान सुरू होते त्यामध्ये स्लीव्हची दोन-तीन मिलिमीटर कड दिसते. तिथं स्लीव्ह आणि बोल्ट एकदमच कापायचे, दोन्ही बाजूंनी. १ मिलिमीटरची कटिंग डिस्क किंवा बायमेटल हॅकसॉ पातं. पातं कानाला घासलं तर खाच पडते, म्हणून कानाच्या आतून पत्र्याची पट्टी सरकवून ठेवा. बोल्ट कडक असते, हाताच्या पात्यानं वेळ लागणार. सावकाश, लांब हात मारत, वरून तेलाचे थेंब.

आणि नवा बोल्ट-नट हाती आल्याशिवाय पातं लावू नका. जुन्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तोच ग्रेड (मजबुतीचा दर्जा) आणा, लांबी आणि दांडीचा बिनआट्यांचा भाग मोजून. हार्डवेअरच्या दुकानातला कुंपणाचा बोल्ट इथं चालणार नाही.

वावरवाला
समजलं, धन्यवाद भाऊ. पण स्ट्रटचे नट खोलावेच लागतात, शॉकअप तेल सोडून राहिला. त्याचं सांगा.

कोळसापट्टा (वणी)
शॉकअप बदलायचाच असेल तर हे बघा.

गोटी आधी तपासा. १७ च्या नटावर अनेकजण ११/१६ इंची गोटी चढवतात, ती असते १७.४६ मिलिमीटर. बसल्यासारखी वाटते आणि कोपरे खाते. १९ आणि ३/४ चं तसं नाही, तिथं फरक ०.०५ मिलिमीटरचाच. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी फक्त टोकांवर धरते. कोपरे गेलेल्या नटावर एक नंबर लहान गोटी ठोकून बसवता येते.

फिरवायचा नट, बोल्ट नाही. बोल्टला डोक्याकडून धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत या बोल्टच्या मानेला दाते असतात, ते नकलच्या भोकात रुतलेले. डोकं फिरवलं तर भोक खराब होतं.

नटाबाहेर निघालेले आटे तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत साफ करा. नटाला याच आट्यांवरून बाहेर यायचं आहे. गंज तसाच ठेवला तर सुटलेला नट अर्ध्यात परत अडकतो. मग एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, रात्रभर. डिझेल चालतं, पण मुरायला जास्त वेळ घेतं. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा.

पाइपचा हिशेब: १ मीटर लांबीवर २० किलो जोर म्हणजे जवळपास २०० न्यूटन-मीटर. ८.८ ग्रेडचा १२ मिलिमीटर बोल्ट बसवतानाच साधारण ८५ वर आवळतात. त्यामुळे पाइपच्या टोकाला लटकलात तर बोल्ट तुटतो, सुटत नाही. नट मऊ लोण्यासारखा फिरायला लागला तर तो सुटत नाही, बोल्ट ताणला जातोय. लगेच थांबा.

शेवटी गॅस. ज्योत नटाच्या कडांवर, बोल्टच्या टोकावर नाही. लाल करायची गरज नाही, निळसर छटा आली की साधारण ३०० अंश झाले. तेवढ्यानं १२ मिलिमीटरच्या नटाचं भोक ०.०४ मिलिमीटर वाढतं आणि गंजाची पकड मोडायला ते पुरतं. गरम असतानाच फिरवा, नाहीतर बोल्टही तापतो आणि फायदा जातो. ॲसिटोनचं मिश्रण आधी पुसून, पूर्ण वाळू द्या, पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत अजिबात नको. क्लोरीनवाला असेल तर विषारी वायू होतो. शॉकअपच्या नळीला ज्योत दाखवू नका, आत तेल आणि दाबाचा गॅस असतो. ब्रेकचा होज, एबीएसची वायर, एक्सलचं रबरी बूट ओल्या गोणपाटानं झाका. तापवलेले नट-बोल्ट परत वापरायचे नाहीत, त्यांचा कडकपणा गेलेला असू शकतो.

हेही नसेल जमत तर नटाच्या एका सपाट बाजूला ग्राइंडरनं उभी खाच पाडा, आटे लागायच्या जरा आधी थांबा, आणि छिन्नीनं फोडा.

खोलण्याआधी स्ट्रट-नकलच्या जोडावर रेघ मारून ठेवा.

गोटीपाना
ग्राइंडर आणि गॅसचं काम पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, गोठ्याजवळ, कापसाच्या गंजीपाशी करू नका बाप्पा. ठिणगी बरीच दूर जाते. पाण्याची बादली जवळ.

जॅक काळ्या मातीवर खचते. जाड सागवानी फळी खाली टाका, शहाबादी फरशी तडकते. गाडी स्टँडवर, मागच्या चाकांना दगड. शॉकअपच्या माथ्यावरचा मधला नट गाडीवर असताना खोलायचा नाही. स्प्रिंग दाबलेली असते, ती स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) लावल्याशिवाय मोकळी केली तर जीव जाते. नकल सुटला की त्याला तारेनं बांधा, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. बाहेर ओढला तर एक्सलचा आतला जॉइंट निखळते.

बसवताना दांडीला पातळ ग्रीस लावा, आट्यांना नाही. आट्यांना लागलं तर त्याच टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) बोल्ट जास्त ताणल्या जाते. नायलॉन नट नवेच.

वावरवाला
आर्मचे बोल्ट गाडी वर असतानाच आवळून टाकले तर?

कोळसापट्टा (वणी)
बुशचे बोल्ट नाही. चाक लटकत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं, नवा बुश लवकर फाटतो. हलकेच बसवा, मग आर्मच्या बॉल जॉइंटकडच्या टोकाखाली दुसरा जॅक लावून गाडी स्टँडवरून नुकती उचलू लागेपर्यंत वर घ्या आणि तेव्हा टॉर्क द्या. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट आणि स्ट्रटचे नट कधीही आवळा, त्यांना रबर नाही. मारलेल्या रेघा जुळवल्या तरी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावीच लागेल, तालुक्याला मशीन नसेल तर यवतमाळला जाताना गाडी जपून चालवा.