पहिल्यांदाच मधमाश्यांच्या पेट्या घेतोय, माशी कुठली आणि काय बघून घ्यावी?

काजूबाग_संगमेश्वर:
नमस्कार मंडळी. आमची संगमेश्वरजवळ थोडी काजू आणि आंब्याची बाग आहे, कडेने नारळ, पलीकडे जंगल लागूनच. काजूला फळधारणा नीट होत नाही म्हणून मधमाश्या ठेवायचं मनात आहे, मध मिळाला तर चांगलंच पण मुख्य कारण बाग. आत्ता दोन जण माश्या द्यायला तयार आहेत. एक बाहेरच्या जिल्ह्यातला व्यापारी, तो म्हणतो मेलिफेराच्या (परदेशी जातीची मधमाशी) १० पेट्या घ्या, एका पेटीला ४० किलो मध निघतो, पाऊस सुरू व्हायच्या आत पोच करतो. दुसरे आमच्या वाडीतलेच एक काका, ते झाडाच्या ढोलीतली सातेरी (आपली देशी मधमाशी) काढून पेटीत भरून देतो म्हणतात. मला यातलं काहीच कळत नाही, पेटी उघडल्यावर नक्की काय बघायचं हेही माहीत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

घाटमाथा_मधपाळ:
दादा सगळ्यात आधी, पावसाच्या तोंडावर माशी घेऊ नका, कोणीही कितीही स्वस्त देऊ दे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे माशीला बाहेर फारसं काही मिळत नाही, वसाहत बारीक होते, मेणकिडा (पोळं खाणारी अळी) लागतो, साखरेचा पाक देऊन जगवावी लागते आणि हे जुन्या मधपाळालासुद्धा जड जातं. विकणाऱ्याला ते माहीत असतं म्हणून तर मे महिन्यात विकायची घाई असते. दिवाळी झाली की घ्या. तेव्हा जी वसाहत पेटीत उभी आहे ती पाऊस काढून आलेली असते, पुढे काजू-आंब्याचा मोहोर, मग जांभूळ, करंज असं चांगलं खाद्य असतं, आणि तोपर्यंत तुमचा हातही बसतो.

माशी सातेरीच घ्या. कोकणातल्या पावसाची तिला सवय आहे आणि एका जागी ठेवून ती राहते. मध कमी देते, वर्षाला पेटीमागे ५ ते १० किलो धरा, जास्त कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तुम्हाला परागीभवन हवंय ना, मग तिच्यासारखी माशी नाही, सकाळी लवकर कामाला लागते.

आता ढोलीतल्या माशीबद्दल. काका जाणते असतील आणि पिलाव्याची (अंडी-अळ्या असलेली) पोळी नीट कापून पेटीतल्या लाकडी चौकटीला बांधत असतील तर ठीक, पण नुकतीच काढलेली वसाहत लगेच विकत घेऊ नका. सातेरी नाराज झाली की पेटी सोडून सरळ निघून जाते. त्यांना सांगा, महिना दीड महिना तुमच्याच अंगणात पेटीत राहू दे, नवीन पोळी बांधू दे, राणीची अंडी दिसू दे, मग मी घेतो. आणि झाड तोडून किंवा जाळ करून काढलेली माशी तर अजिबात नको.

घेताना स्वतः पेटी उघडायला लावा, सकाळी ऊन आल्यावर. विकणारा उघडत नसेल तर तिथूनच परत फिरा. चौकट उचलून सूर्याकडे पाठ करून तिरकी धरा म्हणजे पोळ्यातल्या घराच्या तळाशी प्रकाश पडतो. पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं दिसलं पाहिजे, एका घरात एकच आणि तळाच्या मध्यावर. एका घरात दोन-तीन अंडी, भिंतीला चिकटलेली, असं असेल तर राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालतायत, ती पेटी फुकट दिली तरी घेऊ नका. बंद (मेणाचं टोपण घातलेला) पिलावा सलग हवा, मध्ये मध्ये खूप रिकामी घरं नकोत. टोपणाला भोकं असलेली घरं दिसली तर काडीने आतली अळी काढून बघा. अळी उताणी, तोंड वर करून मेलेली असेल आणि काडीबरोबर पाण्याच्या पिशवीसारखी लोंबत बाहेर आली तर तो थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग. १९९० च्या दशकात दक्षिणेत सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती याने गेल्या. फक्त ती पेटीच नाही, त्या माणसाकडची एकही पेटी घेऊ नका.

एक मात्र लक्षात ठेवा, सातेरीच्या नरांच्या घराच्या टोपणाला मधोमध टाचणीएवढं छिद्र असतंच, ती घरं जरा मोठी आणि उंचवट्याची असतात. तो रोग नाही. नवीन माणूस तेच बघून घाबरतो आणि चांगली पेटी सोडून येतो.

तळपाट (पेटीची खालची फळी) काढून बघा. काळी बारीक लेंडी किंवा जाळ्या दिसल्या तर मेणकिडा आहे. आणि आठ चौकटींच्या पेटीत निदान पाच चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात.

डाळिंब_कांदा_निफाड:
वरच्या सगळ्याला माझं अनुमोदन. मी स्वतः मेलिफेरावाला, पण तुम्हाला मेलिफेरा घ्या असं सांगणार नाही. ती माशी चांगलीच आहे, शांत आहे, पळून जात नाही, मधही भरपूर देते, पण फुलोऱ्यामागे पेट्या घेऊन फिरावं लागतं. आम्ही कांदा बियाण्याच्या प्लॉटवर, डाळिंबावर भाड्याने पेट्या लावतो, कोणी तर पार राजस्थानात मोहरीवर जातात. तो ४० किलोचा आकडा अशा फिरत्या पेटीचा असतो, तुमच्या बागेत एका जागी ठेवलेल्या पेटीचा नाही. ट्रक, मजूर, रात्रीचा प्रवास हे सगळं त्या आकड्यात आहे आणि ते व्यापारी सांगत नाही. शिवाय मेलिफेराला व्हरोआ कोळी (माशीच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी) लागतो, त्याकडे वर्षभर लक्ष ठेवावं लागतं.

आणि पहिल्या वर्षी १० पेट्या कशाला? दोन घ्या. एकच पण नको, कारण एकीत राणी मेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन ती सावरता येते, एकच असेल तर काही हातात राहत नाही. फक्त दोन्हीच्या चौकटी एकाच मापाच्या घ्या, वेगवेगळ्या सुतारांच्या पेट्या एकमेकांत बसत नाहीत. पेटीचा भाव वेगळा आणि माश्यांचा वेगळा असं लिहून घ्या.

काजूबाग_संगमेश्वर:
खूप आभार, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. व्यापाऱ्याला नकार कळवला. आता दिवाळीनंतरच. दोन प्रश्न राहिले, पेट्या गाडीतून आणायच्या कशा, आणि आंब्यावर तुडतुड्यांसाठी फवारणी करावीच लागते, शेजारचेही करतात, मग माश्यांचं काय?

रानमेवा_दापोली:
दादा, आणायचं काम संध्याकाळीच. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दार जाळीने बंद करा, कापूस कोंबू नका, आत हवा लागते. वरच्या कोठीत मध असेल तर आधी काढून घ्या, मधाने जड झालेलं पोळं खड्ड्यात तुटतं आणि माश्या त्याच मधात बुडून मरतात. चौकटी गाडीच्या लांबीला समांतर येतील अशा ठेवा म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. जुन्या जागेपासून तीनेक किलोमीटर तरी लांब आणताय ना, नाहीतर कामकरी माश्या उठून परत तिकडेच जातात.

स्टँड आधीच रोवून ठेवा, सावलीत, दार पूर्वेकडे, पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंगळे एका रात्रीत पेटी रिकामी करतात. पोचल्यावर तासभर स्थिर होऊ द्या मग जाळी काढून राणीगेट (कामकरी माश्या जातात पण राणी बाहेर पडू शकत नाही अशी दाराची पट्टी) लावा, चारपाच दिवस ठेवा, परागाचे गोळे घेऊन माश्या आत जायला लागल्या की काढून टाका. त्या दिवसांत रोज पेटी उघडून बघायचा मोह आवरा. पाक द्यायचा तर निम्मी साखर निम्मं पाणी, संध्याकाळी, पेटीच्या आतच, बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.

फवारणीचं खरं सांगू का, हाच सगळ्यात अवघड भाग आहे आणि माझा जीव यातच तुटतो. मोहोर फुललेला असताना इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम असलं काही मारलं तर दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. तुमच्या बागेत मोहोर उमलायच्या आधीची फवारणी करून घ्या, फुलोऱ्यात करावीच लागली तर कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात बघून कमी घातक औषध घ्या आणि सूर्य मावळल्यावर मारा. शेजाऱ्यांकडे आत्ताच जा, पेट्या आणायच्या आधी. त्यांच्याही काजूला फायदा होणारे हे नीट सांगा, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करा एवढंच मागा. फोन आला की त्या रात्री दार जाळीने बंद, पेटीवर ओलं गोणपाट, आत थोडा पाक, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायचं. त्याहून जास्त वेळ कोंडू नका, उन्हाने पोळी वितळतात.

घाटमाथा_मधपाळ:
ताईंनी बरोबर सांगितलं. आणखी एक, दिवाळीपर्यंत वेळ आहे तर प्रशिक्षण घेऊन टाका. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, त्यांच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक असते, तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी करा. पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही कोर्स असतात. आणि जमलं तर महाबळेश्वरजवळ मांघरला जाऊन या, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय, घरोघरी सातेरीच्या पेट्या बघायला मिळतील. डंख झाला तर काटा नखाने खरवडून काढायचा, चिमटीत धरून नाही, आणि अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं काही झालं तर थेट दवाखाना गाठायचा, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. काकांची वसाहत दिवाळीनंतर उघडाल तेव्हा चौकटीचे फोटो इथे टाका, बघून सांगतो घ्यायची का नाही.