आधी कान, मग व्याख्या

मुलांना पाश्चात्त्य संगीत कसं ऐकवावं या चर्चेत एकांनी सुचवलंय की सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकवण्याआधी त्यांच्याकडून सोनाटा फॉर्म, म्हणजे तिच्या पहिल्या भागाचा ठरलेला आराखडा, पाठ करून घ्यावा. मला हे पटत नाही. कोल्हापुरात गाण्याचा क्लास घेतो, मुलं सगळी ख्याल-भजनातली. जयपूर घराण्याचे थोर गवई अल्लादियाखाँसाहेब जिथे राहिले, त्या गावातली मुलं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवायला त्यांना शिकवावं लागत नाही. तिथूनच सुरुवात करावी.

बीथोवनची पाचवी सिंफनी (१८०८) घ्या. सुरुवातीचे चार सूर मी सरगममध्ये गाऊन घेतो: प प प कोमल ग, मग म म म रे. मग टाळी धरायला लावतो. पहिली अर्धी मात्रा मुकी, तीन सूर धावत येतात आणि चौथा समेवर पडतो. बंदिशीचा समेकडे नेणारा मुखडाच की! हे एकदा हाताला कळलं, की पहिल्या भागाची सात-आठ मिनिटं मुलं तोच तुकडा कुठे कुठे सापडतो ते बोटांवर मोजत बसतात.

एक मात्र करा, एकाच 'सा'वर टिकून राहणारा तानपुरा बंद ठेवा. हॉर्न या पितळी वाद्याच्या पुकारानंतर दुसरी धून येते तेव्हा 'सा' सरकून कोमल गंधारावर गेलेला असतो. आपल्या मुलांना खरी अडचण इथे येते, त्यामुळे या जागेला दोन तास दिले तरी चालतील. पेटीवर दोन्ही 'सा' आलटून पालटून वाजवून दाखवा.

पुढे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ओबो (फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) आलाप घेतल्यासारखा बोलतो. परवा तिथे मागच्या रांगेतली एक मुलगी एकदम म्हणाली, "सर, सनई!" ओबो सनईच्याच कुळातला, हे मी त्यानंतर सांगितलं.